सरासरी पाच टनांची जमीन
अमळनेर तालुक्यातल्या एका जलकुंभाच्या पायाचं प्रकरण

कागदावर सगळं बरोबर होतं. २ लाख लिटरचा जलकुंभ, ७ मीटर व्यासाचा गोल रॅफ्ट (सगळ्या खांबांखाली एकच सलग काँक्रीटचा तवा), पाया अडीच मीटर खोल. माती-परीक्षणाच्या अहवालात चिकणमातीची कातर-ताकद (मातीने घसरायला केलेला विरोध) सरासरी ५ टन प्रति चौरस मीटर दिलेली, आणि त्यावरून काढलेला सुरक्षा गुणांक, म्हणजे जमिनीची क्षमता भागिले भार, ३.०६. आपल्याकडे धारणक्षमतेसाठी अडीच ते तीन गुणांक धरायची रीत आहे. म्हणजे डिझाइन पास. माझ्याकडे ते फक्त तपासणीच्या सहीसाठी आलं होतं.

सही मी केली नाही. का केली नाही आणि पुढे काय झालं, ते आकड्यांसकट लिहून ठेवतो आहे. खानदेशात सध्या गावोगावी टाक्या उभ्या राहत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अशाच दोन-दोन बोअरच्या, म्हणजे माती तपासायच्या भोकांच्या, अहवालांवर उभ्या राहत आहेत.

गाव तापीच्या दक्षिणेला, नदीपासून काही मैल आत. वर दीड मीटर काळी. तिच्याखाली साडेसहा मीटरपर्यंत पिवळसर-तपकिरी चिकणमाती, मधूनमधून चुनखडीचे खडे. त्याखाली मुरूम, आणि मग आपला दख्खनचा काळा पाषाण. शेजारच्या शेतातल्या विहिरीत उतरून पाहिलं की हे सगळे थर अंगठ्याने दाबून बघता येतात, आणि ते मी आधी तसेच पाहिले. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात एक खोड आहे: पाण्याने जमीन घळी पाडून कापलेली असते, आणि शेतं सपाट करताना माणसांनी त्या घळी बुजवलेल्या असतात. वरून पाहिलं तर सगळं सारखं काळं रान.

आता अहवालातले मूळ आकडे. दोन बोअर, एकमेकांपासून साधारण २० मीटरवर. प्रत्येकात ट्यूबमधून काढलेले तीन नमुने, त्यांवर अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशनची, म्हणजे बाजूंनी आधार न देता नमुना दाबून फोडायची, चाचणी. पहिल्या बोअरमध्ये कातर-ताकद ६.२, ७.० आणि ६.६ टन. दुसऱ्यात ३.६, ३.० आणि ३.६ टन. सहांची बेरीज ३०, सरासरी ५.

पाच टनांची माती त्या जागेवर कुठेच नव्हती. एकीकडे साडेसहा टनांची होती, दुसरीकडे साडेतीनच्या आतली. सरासरीने एक तिसरीच जमीन तयार केली आणि रॅफ्ट त्या कागदी जमिनीवर बसवला. प्रत्यक्ष रॅफ्टची जागा दोन बोअरच्या मधोमध होती.

माझ्या कार्यालयातली तरुण अभियंता म्हणाली, "सर, विखुरणीचा हिशेब केला तर? गुणांक एकच आकडा सांगतो, पण विश्वासार्हता निर्देशांक काढला तर धोका दिसेल." सूचना योग्य होती. हा निर्देशांक म्हणजे क्षमता भारापेक्षा विखुरणीच्या किती पट वर आहे तो आकडा; जितका मोठा, तितका धोका कमी. आम्ही तो हिशेब केला, आणि पहिल्या फेरीत आमचीही जवळजवळ फसगत झाली. ती फेरी सविस्तर सांगतो, कारण या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच.

सहा आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत ते, १.७८ टन येतं. ते सरासरीने भागलं की विचरण गुणांक मिळतो, ३६ टक्के. मातीच्या बाबतीत हा आकडा कुणाला दचकवत नाही. हाँगकाँगमध्ये पीटर लंब यांनी १९६६ साली नैसर्गिक मातीच्या चढउताराचा सांख्यिकी अभ्यास मांडला तेव्हापासून जगभर असे आकडे गोळा होत आले आहेत. १९९९ मध्ये फून आणि कुलहावी या संशोधकांनी ते एकत्र केले. त्यांच्या तक्त्यात या चाचणीतून मिळणाऱ्या ताकदीचा विचरण गुणांक २० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. आमचे ३६ टक्के त्याच्या मधोमध बसले. तक्ता बघणारा कोणीही म्हणेल, "नेहमीचीच माती आहे."

मग निर्देशांक. भाराचा प्रश्न इथे सोपा आहे. टाकीत २०० टन पाणी, बांधकाम आणि पाया मिळून २२० टन, एकूण ४२० टन. रॅफ्टचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस मीटर, म्हणजे दाब १०.९ टन प्रति चौरस मीटर. घराच्या पायावर धरलेला पूर्ण चल-भार आयुष्यात क्वचितच येतो. टाकीचं तसं नाही. पहिल्या पाणी-चाचणीच्या दिवशीच पूर्ण भार येतो आणि पुढे रोज येत राहतो. मात्र टाकी काठोकाठ भरल्यावर त्यात जास्तीचा एक लिटरही मावत नाही, म्हणून भारातली अनिश्चितता आम्ही ५ टक्केच धरली. याचा अर्थ असा की जलकुंभाच्या पायातला तीनचा गुणांक जवळजवळ सगळाच्या सगळा मातीच्या अज्ञानावर खर्च होतो. भारासाठी त्यातलं फार थोडं लागतं.

क्षमता भारतीय मानक ६४०३ च्या सूत्राने काढली. निव्वळ चिकणमातीसाठी ५.१४, गोल पायासाठी १.३, गुणिले कातर-ताकद. खोलीचा थोडा फायदा मिळतो, तो सोडून दिला. ५ टनांवर ३३.४ टन प्रति चौरस मीटर क्षमता येते. तिला १०.९ ने भागलं की ते ३.०६.

सूत्रातल्या चुकीसाठी १० टक्के धरले. क्षमता आणि भार दोन्ही लॉगनॉर्मल (शून्याखाली न जाणारं वितरण) मानले, म्हणजे ऋण ताकदीसारखी अशक्य उत्तरं येत नाहीत. क्षमता-भार गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग १.१२, विखुरणीमुळे त्यातून वजा ०.०६, आणि उरलेलं एकत्रित विखुरणीने म्हणजे ०.३७ ने भागायचं. निर्देशांक आला २.८७. पाया ढळण्याची शक्यता पाचशेत एक.

युरोपीय मानकात नेहमीच्या महत्त्वाच्या इमारतींसाठी ५० वर्षांच्या काळाला ३.८ चं लक्ष्य आहे. त्यापेक्षा २.८७ बराच कमी आहे. तेव्हा सरळ उपाय दिसतो: रॅफ्ट साडेआठ मीटरचा करा, निर्देशांक वर जाईल, विषय मिटला. कंत्राटदारही त्याला तयार होता. काँक्रीट वाढलं तर बिलही वाढतं.

पण हा सगळा हिशेब त्या सहा आकड्यांना एकाच पोत्यातले दाणे समजून केलेला होता. विखुरणीचं गणित तुम्हाला विचारत नाही की हे दाणे एकाच शेतातले आहेत का. दोन गट वेगळे ठेवून पाहिलं तर पहिल्या बोअरची सरासरी ६.६ आणि विचलन ०.४. दुसऱ्याची सरासरी ३.४ आणि विचलन ०.३५. आत दोन्हीकडे विखुरणी थोडीच आहे, सगळा फरक दोन बोअरच्या मध्ये आहे. ३६ टक्क्यांचा आकडा मातीचा स्वभाव सांगत नव्हता. तो दोन वेगळ्या मातींमधलं अंतर सांगत होता. तक्त्यातल्या पट्ट्यात तो बसला हा निव्वळ योगायोग, आणि त्याच योगायोगाने आम्हाला खोटा दिलासा दिला.

मी गावात गेलो. टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची, कडेला बाभळी. सरपंच ताई बरोबर होत्या, आणि सावलीला एक वयस्क शेतकरी बसले होते. मी जमिनीविषयी विचारलं तर त्यांनी काठीने एक वळण हवेत काढून दाखवलं. "आठे पहिले नाला व्हता, भाऊ."

तलाठ्याकडचा जुना गावनकाशा काढला. नाल्याचं वळण तिथे रेघेने स्पष्ट काढलेलं होतं. पुढे कधीतरी नाला वर वळवला आणि जुनं पात्र आसपासच्या मातीने भरून टाकलं. दुसरा बोअर बरोबर त्या भरावात पडला होता. अहवालात दोन्ही बोअरच्या मातीचं वर्णन एकाच शब्दांत होतं, तपकिरी चिकणमाती. भराव त्याच रानातल्या मातीचा असल्यामुळे रंग सारखाच दिसणार. मला अहवाल करणाऱ्यांवर राग नाही. दोन बोअरचेच पैसे दिले तर दोनच बोअर होतात. पण नकाशा बघायला पैसे लागत नाहीत, आणि सावलीत बसलेल्या आबांना विचारायलाही लागत नाहीत.

आता गट वेगळे ठेवून तोच हिशेब. प्रत्येकी तीन नमुन्यांवरून आलेल्या पाच-दहा टक्क्यांच्या विखुरणीवर विश्वास ठेवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. तीन आकडे योगायोगानेही जवळजवळ येतात. म्हणून प्रत्येक गटाला २५ टक्के धरले. पूर्ण रॅफ्ट चांगल्या मातीवर असेल तर गुणांक ४.०४ आणि निर्देशांक ५.० च्या आसपास. पूर्ण रॅफ्ट भरावावर असेल तर गुणांक २.०८ आणि निर्देशांक २.६, म्हणजे दोनशेत एक. जागेत २० मीटरचा फरक पडला की धोका हजारो पटींनी बदलतो, आणि अहवालातला सरासरी आकडा मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

इथे अंतराचा मुद्दा येतो. १९७७ मध्ये व्हॅनमार्क यांनी मातीच्या गुणधर्मांचा चढउतार किती अंतरावर बदलतो हे मोजायची रीत मांडली. एका बिंदूची ताकद तुम्हाला माहीत आहे, मग किती दूर गेल्यावर तिचा शेजारच्या बिंदूशी संबंध सुटतो, असा तो प्रश्न. फून-कुलहावींच्या संग्रहात चिकणमातीच्या ताकदीसाठी हे अंतर उभ्या दिशेने सरासरी अडीच मीटर आहे, आडव्या दिशेने साधारण ५० मीटर. पायाखालची घसरण-पृष्ठं चार-पाच मीटर खोल जातात, त्यामुळे उभ्या दिशेने कमकुवत थराला मजबूत थराची साथ मिळते आणि विखुरणी थोडी कमी धरता येते. आडव्या दिशेने ७ मीटरच्या रॅफ्टला ती सवलत नाही. एकाच मातीतसुद्धा सगळा रॅफ्ट एक तर बऱ्या तुकड्यावर बसतो, नाही तर वाईटावर. लांब बंधाऱ्याला किंवा रस्त्याच्या भरावाला जे सरासरीकरण मिळतं ते टाकीला मिळत नाही.

आणि आमची टाकी तर अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे बसणार होती. म्हणजे ढळण्याच्याही आधी झुकण्याचा प्रश्न. मी खचण्याचा ढोबळ अंदाज केला: रॅफ्टखाली चार मीटर चिकणमाती, दाब खोलीबरोबर पसरत जाणारा. चांगल्या बाजूला सुमारे २६ मिलिमीटर, भरावाच्या बाजूला ६५. फरक ३९ मिलिमीटर, सात मीटरमध्ये. म्हणजे साधारण १८० त १ झुकाव. रॅफ्टवरच्या जलकुंभाला भारतीय मानक १९०४ प्रमाणे ४०० त १ पर्यंतच मुभा आहे. साडेआठ मीटरच्या रॅफ्टने यात फारसं काही सुधारलं नसतं. मोठा रॅफ्ट भरावाच्या आणखी आत गेला असता.

एक गोष्ट मला अजून टोचत होती. मूळ बोअर वैशाखात घेतलेले होते. खानदेशातलं वैशाखातलं रान ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको, भेगांत हात कोपरापर्यंत जातो. अशा कोरड्या चिकणमातीचा नमुना चाचणीत फार ताठ निघतो, कारण कणांमधलं उरलेलं थोडं पाणी त्यांना ओढून धरतं. पावसाने माती भिजली की ती ओढ जाते आणि ताकद उतरते. म्हणजे सगळेच्या सगळे आकडे एकाच बाजूला कललेले होते. विखुरणीच्या गणितात ही चूक दिसतच नाही. नमुने वाढवा, विचलन कमी होईल, पण कल तसाच राहील.

म्हणून भाद्रपदात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा काम काढलं. आधी हाताने फिरवायच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) नाल्याच्या रेघेला आडवी अशी आठ भोकं घेतली. दोन मजुरांचं दोन दिवसांचं काम. भरावात विटांचे तुकडे, शेणखताचा काळा थर, कुजलेली मुळं लागली. मूळ जमिनीत चुनखडी लागली. चुनखडी ही इथली फार भरवशाची खूण आहे, कारण ती मातीत जागच्या जागी तयार व्हायला फार मोठा काळ लागतो. भरावात तिचे तुटलेले खडे सापडतात, पण सलग गाठी सापडत नाहीत. आठ भोकांत नाल्याची कड मीटरभराच्या अचूकतेने हाती आली.

मग टाकी १८ मीटर आग्नेयेला सरकवली, त्याच गट नंबरच्या जमिनीत, आणि नव्या जागेवर तीन बोअर घेतले. भिजलेल्या मातीचे नऊ नमुने. सरासरी ५.६ टन, विचरण गुणांक १८ टक्के. वैशाखातल्या ६.६ पेक्षा एक टन कमी. भरावातही एक बोअर घेतला, कारण मला खरं किती वाईट आहे ते जाणून घ्यायचं होतं. आकडे आले २.४, २.८, २.६.

हे आकडे मूळ डिझाइनमध्ये घालून पाहिले तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. २.६ टनांच्या मातीवर गुणांक १.५९ आणि निर्देशांक १.६. अठरात एक. कागदावर ३.०६ असलेला हाच तो पाया, त्याच्या वाईट बाजूला, पावसाळ्यात.

आणि तेही अजून पूर्ण चित्र नाही. सूत्र असं मानतं की भार आणि ताकद यांचा एकमेकांशी संबंध नाही. गावातली टाकी कशी भरते? पंप चालू, माणूस दुसऱ्या कामाला गेलेला, टाकी ओसंडून वाहते आणि पाणी थेट खांबांच्या पायथ्याशी मुरतं. व्हॉल्व्हच्या चेंबरमधूनही गळत असतं. म्हणजे ज्या वेळी भार पूर्ण असतो नेमकी त्याच वेळी माती सगळ्यात ओली असते. वाईटाला वाईट भेटतं. हा संबंध गणितात घालता येतो, पण त्यापेक्षा तो जमिनीवर तोडणं सोपं. ओव्हरफ्लोचा पाइप २५ मीटर लांब नेऊन गावच्या हौदात सोडला, चेंबर रॅफ्टपासून दूर घेतला, टाकीभोवती बाहेरच्या उताराचं काँक्रीट केलं आणि रॅफ्टच्या कडेची काळी काढून मुरूम ठोकून भरला. काळीच्या फुगण्या-आक्रसण्यासाठीही याचा उपयोग होतो, कारण ओलावा वर्षभर स्थिर राहतो.

नव्या जागेचा हिशेब थोडक्यात. गुणांक ३.४३. मातीची विखुरणी १८ टक्के, कुठलीही सरासरीकरणाची सवलत न घेता. नऊच नमुने असल्याबद्दल ८ टक्के, चाचणीतल्या चुकीबद्दल १०, सूत्राबद्दल १०. निर्देशांक ४.९.

सहकारी अभियंतेने विचारलं, मग आता रॅफ्ट लहान करून काँक्रीट वाचवायचं का? गणित परवानगी देत होतं. मी नाही म्हणालो. ४.९ चा अर्थ पंचवीस लाखांत एक, वगैरे. या आकड्यावर माझा विश्वास नाही. नऊ नमुन्यांवरून वितरणाच्या इतक्या लांबच्या शेपटाविषयी कुणाला काही कळू शकत नाही. या टाकीला खरा धोका असलाच तर तो आमच्या सूत्राबाहेरचा आहे: उद्या कुणी शेजारी शोषखड्डा खणेल, सळई कमी पडेल, पाइप फुटून महिनाभर लक्षात येणार नाही. शिवाय रिकाम्या टाकीवर वारा आणि भूकंप धरून उलथण्याचा हिशेब वेगळा केला, त्यालाही ७ मीटर व्यास सोयीचा होता. निर्देशांक मी तुलनेसाठी वापरतो. या जागेत आणि त्या जागेत किती फरक, आणखी एक बोअर घेतला तर चित्र किती बदलतं, पैसे काँक्रीटमध्ये घालावेत की शोधात, एवढ्यासाठी तो फार चांगलं हत्यार आहे. या प्रकरणात रॅफ्ट एका इंचानेही बदलला नाही. बदलली ती जागा, पाण्याची वाट आणि आमची माहिती.

जागा हलवायला गावाचा विरोध झाला, तो सांगायला हवा. भूमिपूजन जुन्या जागेवर होऊन गेलं होतं. नारळ फुटलेली जागा सोडायची म्हणजे बोलणं होतंच. सरपंच ताईंनी ग्रामसभेत ऑगरमधली माती दोन घमेल्यांत आणून ठेवली, एकात विटांचे तुकडे आणि खत, दुसऱ्यात चुनखडीची पिवळी माती. "कोणत्या मातीवर घर बांधशाल?" एवढंच विचारलं. माझा निर्देशांक तिथे काढावा लागला नाही.

खर्चाचं म्हणाल तर ऑगर, चार बोअर आणि चाचण्या मिळून जे लागलं ते साडेआठ मीटरच्या रॅफ्टच्या वाढीव काँक्रीट-सळईपेक्षा कमी होतं. दोन महिने मात्र गेले, आणि तेवढ्या काळात गावाने टँकरचं पाणी प्यालं. ही किंमत माझ्या तक्त्यात कुठेच नाही, पण ती खरी आहे. जुना नकाशा पहिल्याच दिवशी पाहिला गेला असता तर ती द्यावी लागली नसती.

टाकी उभी राहिली. समोरासमोरच्या चार खांबांवर लेव्हलचे खिळे ठोकून ठेवले आहेत. पाणी-चाचणीच्या वेळी, मग दर तीन महिन्यांनी वाचन. दोन पावसाळ्यांनंतर सगळ्यात जास्त खचलेला खांब २१ मिलिमीटर, सगळ्यात कमी १७. पुढचं वाचन वैशाखात घ्यायचं आहे, रान तडकलेलं असताना.